शेक संपल्यानंतरचा श्वास

धारूरच्या किल्ल्याकडे तोंड करून बसा. ओसरीवर, गच्चीवर, कुठेही. पाठ भिंतीला टेकू द्या. श्वास मुद्दाम ओढू नका. येतो तसा येऊ द्या.

आता त्याच्यासोबत आत जा. घसा, श्वासनळी, तिच्या बारीक होत गेलेल्या फांद्या, आणि अगदी शेवटी वायुकोश. प्रत्येक वायुकोशाभोवती केशवाहिन्यांचं जाळं आहे. वाहिन्या इतक्या अरुंद की रक्तातल्या तांबड्या पेशी एकामागे एक सरकतात. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. इथे थोडं थांबा. आपलं सगळं जगणं या पडद्यातून ये-जा करतं.

ज्यांनी स्तनाच्या, फुफ्फुसाच्या किंवा अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी छातीवर शेक, म्हणजे रेडिएशन, घेतला, त्यांचा हाच पडदा दुखावू शकतो. किरणं गाठीवर रोखलेली असतात, पण वाटेत फुफ्फुसाचा काही भाग येतोच. केशवाहिन्यांचं अस्तर नाजूक. लगेच काही जाणवत नाही. पुढे ते पाझरू लागतं, वायुकोशांच्या भिंती सुजतात. साधारण 1 ते 6 महिन्यांत कोरडा खोकला, बारीक ताप, चढावर धाप. काहींच्या फुफ्फुसात नंतर कायमचा व्रण राहतो आणि तिथल्या बारीक वाहिन्या बुजतात.

सगळ्यांना हे होत नाही. शेकाविषयी मनात राग धरू नका. त्यानं गाठीला आवर घातला आहे. हा श्वास सोडताना तो रागही सोडा.

शेक बार्शीला, छत्रपती संभाजीनगरला नाहीतर मुंबईच्या टाटाला होतो. खोकला मात्र घरी आल्यावर सुरू होतो. उन्हाळ्यात शेक संपला आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडावर गेलं, की दोष पाचटाच्या धुळीला जातो. नाहीतर टीबीचा संशय येतो, आणि आपल्याकडे तो येणं रास्तच आहे. थुंकी तपासायलाच हवी. पण शेकानंतरची सावली एक्स-रेवर पुष्कळदा शेकाच्या चौकटीएवढीच, सरळ कडेची उमटते. डॉक्टरांना ती ओळखता येते, शेक झाल्याचं त्यांना ठाऊक असेल तर. त्रास जास्त असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्या देतात आणि त्या आठवड्यांमागून आठवडे हळूहळू कमी करतात. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू नका.

खोकला सुरू झाला तर वाट पाहू नका. दवाखान्यात जाताना शेकाची फाईल सोबत न्या आणि कुणी विचारण्याआधीच सांगा: मला छातीवर शेक दिलेला आहे, अमुक महिन्यात.