अभिनंदनाची विभक्ती

जर्मन शिकताना नाम एकटं पाठ करून चालत नाही, त्याच्या आधीचं उपपद धरून पाठ करावं लागतं. डेर, डी, दास : पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या माक्स म्युलर भवनात मी जर्मन शिकू लागले तेव्हा वर्गात बहुतेक जण हिंदीभाषक होते. हिंदीत लिंगं दोनच, त्यामुळे हे तिसरं त्यांना जाचक वाटे. 'तो दगड, ती वाट, ते झाड' म्हणत वाढलेल्या मराठी माणसाला त्याचं फारसं नवल नसतं. नवल वाटलं ते एका पुल्लिंगी शब्दाचं.

अभिनंदनासाठी जर्मनमध्ये शब्द आहे 'डेर ग्ल्यूकवुन्श'. 'दास ग्ल्यूक' म्हणजे भाग्य आणि सुखही. 'डेर वुन्श' म्हणजे इच्छा. जर्मन समासाचं लिंग शेवटच्या पदावरून ठरतं, म्हणून हा शब्द पुल्लिंगी. आपल्याकडेही तसंच : 'इच्छा' स्त्रीलिंगी म्हणून 'शुभेच्छा' स्त्रीलिंगी. म्हणजे घडणीने पाहिलं तर हा शब्द 'शुभेच्छे'चा सख्खा भाऊ. तरी जर्मन माणूस तो वाढदिवसाला वापरतो, लग्नात वापरतो, मूल झाल्यावर वापरतो आणि कुणी परीक्षा पास झालं तरी वापरतो. अनुवाद करताना 'हेर्त्सलिशन ग्ल्यूकवुन्श' समोर आलं की दर वेळी ठरवावं लागतं : अभिनंदन, की शुभेच्छा? शब्दकोश दोन्ही देतो. निवड मात्र वेगळ्याच प्रश्नापाशी नेते. एखाद्याला काही मिळालं, तर ते त्याने कमावलं म्हणायचं, की त्याच्या वाट्याला आलं?

मराठीने या प्रश्नाची वाटणी करून टाकली आहे. जे साधलं त्याचं अभिनंदन, जे यायचं आहे त्यासाठी शुभेच्छा. विभक्तीही निराळी. आपण 'तुझं अभिनंदन' म्हणतो : षष्ठी, मालकीची विभक्ती. यश तुझं, आनंदही तुझा, मी त्याची पोच देते. 'तुला शुभेच्छा' ही चतुर्थी, जुन्या वैयाकरणांचं संप्रदान : इथे माझ्याकडचं काही तुझ्याकडे जातं. जर्मनमध्ये 'ग्राटुलीरन' हे क्रियापदही माणसाला चतुर्थीतच घेतं. आणि 'हेर्त्सलिशन'च्या शेवटी जो 'न' ऐकू येतो तो द्वितीयेचा. ना कर्ता ना क्रियापद, मग द्वितीया आली कुठून? 'मी तुला देतो', 'मी तुझ्यासाठी इच्छितो' असं काहीसं वाक्य वापरात झिजून गेलं आहे. देणारा दिसेनासा झाला, त्याची खूण विशेषणाच्या टोकाला राहिली.

भाग्याचं श्रेय भाग्याला देण्याची रीत आपल्याला परकी नाही. संस्कृत नाटकांत कुणाचं अभिनंदन करायचं तर 'दिष्ट्या वर्धसे' म्हणत : सुदैवाने तुझी वाढ होते आहे. त्यातला 'वृध्' धातू हिंदीच्या 'बधाई'त आहे, आपल्या 'वाढदिवसा'त आहे आणि 'वर्धापनदिना'तही. दिल्लीत मूल जन्मलं की किन्नर दारात येऊन गातात, त्या गाण्यालाही बधाई म्हणतात आणि त्याबद्दल मिळणाऱ्या पैशालाही. ज्यांच्या स्वतःच्या असण्याचं कौतुक सहसा कुणी करत नाही, त्यांनी दुसऱ्याच्या बाळाला वाढ चिंतायची. ती बधाई कुणाच्या कर्तृत्वाची पावती नसते. बाळाने अजून काहीच केलेलं नसतं.

पण कर्तृत्वाचा प्रसंग असला की हे सोपं राहत नाही. जुन्या राजेंद्रनगरात, मुखर्जीनगरात महाराष्ट्रातून आलेली किती तरी मुलं केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतात. दरवर्षी अर्ज लाखांनी येतात, शेवटच्या यादीत नावं लागतात हजाराच्या आसपास. माझ्या ओळखीच्या दोघी एकाच खोलीत राहून, एकाच नोट्सवर अभ्यास करत होत्या. एकीचं नाव यादीत आलं, दुसरीचं थोडक्या गुणांनी राहिलं. मी भेटायला गेले तेव्हा दोघी समोर होत्या. पहिलीला 'तुझ्या कष्टांचं चीज झालं' म्हटलं, तर दुसरीच्या कष्टांचं काय झालं म्हणायचं?

कांटने 1785च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात आरंभीच सत्ता, संपत्ती, मान, इतकंच काय आरोग्यसुद्धा भाग्याच्या देणग्यांत घातलं आणि निरपवाद मोल फक्त चांगल्या इच्छाशक्तीला दिलं. 1976मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी उलट बाजूने विचारलं : माणसाचं नैतिक मोलसुद्धा परिस्थितीच्या फाशांपासून कितपत सुटं असतं? या वाटेने गेलं तर षष्ठी पोकळ वाटू लागते. कष्ट तुझे, मान्य. पण कष्ट करण्याची उसंत, न ढासळलेली तब्येत, त्या दिवशी आलेला नेमका प्रश्न, हे सगळं तुझं होतं का?

तरी मला षष्ठी सोडवत नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात गेलं, ज्याच्या आजोबांना गावच्या शाळेत दाराबाहेर बसवलं गेलं, त्याच्या यशाला 'नशीब' म्हणणं म्हणजे त्याने ओढून आणलेली गोष्ट पुन्हा त्याच्या हातून काढून घेणं. भाग्यापुढे नम्र होण्याचा सल्ला देणाऱ्यांचं भाग्य बहुधा आधीच ठीकठाक असतं. 'तुझं अभिनंदन' यातल्या 'तुझं'वर त्याचा पूर्ण हक्क आहे. नम्र व्हायचं असेल तर त्याने स्वतः व्हावं, आपण त्याच्या वतीने होऊ नये.

म्हणून मला वाटतं, अभिनंदन करताना दोन्ही विभक्त्या लागतात. षष्ठी न्यायाची : जे तू केलंस ते तुझं. चतुर्थी स्नेहाची : जे कुणाच्याच हातात नव्हतं ते तुला लाभलं याचा मला आनंद आहे, आणि ते टिको. चतुर्थीला निकालाची अट नाही. म्हणून ती यादीत नाव नसलेल्या मुलीलाही तितक्याच पूर्णपणे देता येते, आणि ती दिल्याने पहिलीचं काही उणं होत नाही. दोघींसमोर बोलताना मी षष्ठी एकीला दिली, चतुर्थी दोघींना. दुसरीला सांत्वन हवं होतं असं मला वाटलं नाही. आपल्यासाठीही अजून कुणी काही इच्छितं आहे, एवढं तिला कळायला हवं होतं.

या सगळ्यात 'वुन्श'चं मूळ सापडलं तेव्हा बरं वाटलं. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृत 'वाञ्छा'शी लावतात. मराठीला हा शब्द शिकवावा लागत नाही; शाळेत पसायदान म्हटलेल्या प्रत्येकाच्या तोंडात 'वांछणे' आहे. ज्ञानेश्वरांनी ते क्रियापद प्राणिमात्रासाठी वापरलं, कोणी काय कमावलं याची विचारपूस न करता.