सहा इंच

खोटं बोलणाऱ्याशी भांडणं त्या मानानं सोपं. दोन खरी माणसं समोरासमोर उभी राहिली, की मात्र पंचाईत.

ऱ्हीस गेब हा वेल्सचा नामांकित रग्बीपटू. १९०१ ते १९०८ या काळात देशाकडून २४ सामने खेळला. पेशानं गणिताचा मास्तर. पण त्याचं नाव राहिलं ते सहा इंचांमुळे.

१६ डिसेंबर १९०५, कार्डिफ. न्यूझीलंडचा संघ त्या दौऱ्यात भेटेल त्याला लोळवत आला होता. टेडी मॉर्गनच्या ट्रायवर वेल्स ३-० नं पुढे. (गोलरेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की झाला ट्राय. बाकीची धक्काबुक्की आपल्याला लोकलमुळे ठाऊक आहेच.) उत्तरार्धात न्यूझीलंडचा बॉब डीन्स रेषेवर झेपावला आणि गेबनं त्याला धरून पाडलं. डीन्स म्हणाला, "सहा इंच पलीकडे टेकवला, मग मला मागं ओढलं." गेब म्हणाला, "छे! पाडल्यावरही तो पुढं सरकायला धडपडत होता. पोचलेला माणूस धडपडेल कशाला?" अगदी मास्तरी सिद्धता! पंच जॉन डॅलस मागून पोचले, तेव्हा चेंडू रेषेच्या अलीकडे होता. ट्राय नाही. साऱ्या दौऱ्यात न्यूझीलंड हरलं ते एवढ्या एकाच सामन्यात.

डीन्स १९०८ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी वारला. गेब १९६७ पर्यंत जगला. म्हणजे एका साक्षीदाराला जवळजवळ साठ वर्षं जास्त बोलायला मिळाली. त्यात मॉर्गननंही पुढे सांगून टाकलं, की डीन्सचा ट्राय झाला होता.

झालं! मॉर्गन दिलदार ठरला. गेब मात्र शेवटपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम. मेलेल्या माणसाशी कसला हट्ट करायचा, असं आपल्यालाही वाटतंच. "असेल बुवा" एवढे दोन शब्द म्हणायला काय जात होतं? जिंकलेला सामना काही कुणी परत मागत नव्हतं.

पण मला गेबचंच पटतं. डीन्स खोटारडा होता असं नव्हे. चेंडू त्याच्या हातात होता, डीन्स गेबच्या. दोघांना जे जाणवलं ते दोघांनी सांगितलं. बिचारा वारला म्हणून चेंडू सहा इंच पुढं सरकवायचा, तर ते औदार्य झालं, साक्ष नव्हे.

मॉर्गन पेशानं डॉक्टर होता, हेही लक्षात घ्या. डॉक्टरला नातेवाइकांचं समाधान करायची सवय असते. गणिताचे मास्तर अर्ध्या मार्कासाठी अडून बसतात.