लोकलज्जा आणि लोकाश्रय

मनुष्यावर आपत्ती आली असता शेजाऱ्याने धावून जावे, हे आपल्याकडे कोणास निराळे शिकवावे लागत नाही. घरास आग लागली, कापसाची गंजी पेटली, विहिरीत कोणी पडले, म्हणजे दारव्ह्यासारख्या गावात बोलावण्याची वाट न पाहता माणसे गोळा होतात. ज्याचे घर जळाले त्यास ‘तू काय केले होतेस?’ असे त्या वेळी कोणी विचारीत नाही. परंतु एक आपत्ती अशी आहे की, तीत सापडलेल्या व्यक्तीकडे लोक आधी संशयाने पाहतात आणि मग पाहण्याचेच सोडून देतात. बलात्कार सोसावा लागलेल्या स्त्रीविषयी आम्ही बोलत आहो. तिच्यासंबंधी समाजाचे कर्तव्य कोणते आणि ते आपण का टाळतो, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

हे टाळणे केवळ निर्दयपणाचे असते असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या मुळाशी ‘अब्रू’ ह्या शब्दाचा आपण करीत आलेला उपयोग आहे. चोर पकडला गेला म्हणजे चोराची अब्रू जाते. लाच खाल्ली म्हणजे खाणाऱ्याची जाते. ह्या एका अपराधात मात्र करणाऱ्याची सोडून सोसणारीची अब्रू गेली, असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः अब्रू मनुष्य आपल्या आचरणाने मिळवितो. जी स्वतःच्या आचरणाने मिळते ती स्वतःच्याच आचरणाने जावयाची. दुसऱ्याच्या दुष्कृत्याने ती कशी जाईल? कोणी म्हणेल, ‘तर्क ठीक आहे, पण ती लोकांच्या मनातून उतरते त्याचे काय?’ हा आक्षेप आम्हांस मान्य आहे; किंबहुना आमचे म्हणणे तेच आहे. मनातून उतरविणारे लोकच असतात. हल्लेखोराने तिच्या देहास आणि मनास इजा केली. अब्रू नेण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नव्हते. ते काम त्याच्या मागून गावाने केले.

हा विचार वऱ्हाडास परका नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यास निमित्त झाले सुरतेकडील एका विधवेच्या खटल्याचे. नवजात अर्भकाचा जीव घेतल्याबद्दल तिला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली होती. पुढे ती सौम्य झाली. तो खटला बलात्काराचा नव्हता. परंतु दोषाची वाटणी कशी होते हे त्यात स्पष्ट दिसले. जे दुर्गुण स्त्रीच्या माथी मारले जातात ते पुरुषांच्या अंगी तितकेच आहेत आणि तरी शिक्षा मात्र तिची एकटीची, हे ताराबाईंनी कोणाची भीड न धरता लिहून ठेविले.

आता समंजस माणसांचा एक आक्षेप राहतो. ‘आम्ही बोलत नाही ते त्या मुलीच्या भल्यासाठीच’, असे ते म्हणतात. ह्यात सत्यांश आहे. जिच्यावर प्रसंग गुदरला, तिला तो चारचौघांत येऊ नये असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि ती इच्छा मोडण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु गुप्तता आणि लपवाछपवी ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. गुप्तता तिच्या इच्छेने आणि तिच्या हितासाठी पाळावयाची असते; तिच्या आडून मदत पोहोचते. लपवाछपवी इतरांच्या सोयीसाठी असते. तिच्या पायी मदत अडते आणि अपराधी निर्धास्त होतो.

पहिल्या प्रकारचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. संकटात सापडलेल्या विधवांनी तेथे यावे, गुप्तपणे सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल सोबत न्यावे किंवा तेथेच ठेवावे, अशी ती सोय होती. तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा ह्या दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्या बरोबरीने रोग्यांची शुश्रूषा करीत असताच सावित्रीबाईंचा अंत झाला. त्या गृहाचे दार जगास बंद होते. आत येणारीस ते उघडे होते.

दुसरे उदाहरण विदर्भातले आहे. १९७२ च्या मार्च महिन्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांस सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, ह्या गोष्टीस त्या निर्णयात मोठे वजन मिळाले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार ह्या चौघांनी १९७९ साली सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अत्याचारात स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, ही तरतूद तेव्हाची. अशा स्त्रीचे नाव प्रसिद्ध करण्यास बंदी हीही तेव्हाचीच. म्हणून ते नाव आम्ही येथे लिहीत नाही. त्या मुलीच्या निमित्ताने कायदा शहाणा झाला हे खरे. पण कायदा अपराध्यास शासन करतो. रात्री दचकून उठणाऱ्या मुलीजवळ बसणे कोणत्याही कलमात येत नाही.

तरीही आधाराची काही व्यवस्था आज उभी आहे, आणि ती आपल्यापैकी थोड्यांस ठाऊक असते. ह्या शतकाच्या आरंभी मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ही संस्था आणि महानगरपालिका यांनी मिळून ‘दिलासा’ हे केंद्र काढले. घरात मार खाल्लेल्या स्त्रीस धीर आणि सल्ला रुग्णालयातच मिळावा हा त्याचा हेतू. वैद्यकीय तपासणीच्या नावाखाली चालणाऱ्या हीन ‘दोन बोटांच्या चाचणी’विरुद्ध सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अहवाल लिहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती चाचणी स्त्रीच्या प्रतिष्ठेस बाधक ठरविली आणि २०२२ साली ती करणे हे गैरवर्तन मानले. २०१३ पासून कोणत्याही रुग्णालयास, ते सरकारी असो वा खासगी, अशा स्त्रीवर विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे. तक्रार नोंदविली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. त्याच वर्षी २ ऑक्टोबरास राज्याने अर्थसाहाय्यासाठी मनोधैर्य योजना सुरू केली. २०१५ पासूनच्या केंद्र सरकारच्या योजनेने जिल्ह्याजिल्ह्यांतून ‘सखी’ केंद्रे निघाली. डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा एके ठिकाणी मिळावा ही त्यांमागची कल्पना.

मात्र दारव्ह्याहून जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ सुमारे ४० किलोमीटर आहे. शकुंतला रेल्वे बंद पडली, राहिली एस.टी. त्या गाडीत बसलेल्या मायलेकींस ओळखीचे कोणीतरी विचारणारच, ‘कुठी चालल्या वं बाई?’ ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर जवळ नाही म्हणून त्या घरूनच निघाल्या नाहीत, तर नवल नाही. यवतमाळपर्यंतची वाट सरकारने बांधली आहे, घरापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंतची वाट गावानेच मोकळी करावयास पाहिजे.

ती कशी करावी? प्रत्येक आळीत एखादी शिक्षिका, एखादी परिचारिका, एखादी आशाताई अशी असावी की जिच्याकडे मुलगी न भिता जाईल. तिने प्रथम ‘तुझा दोष नाही’ एवढे म्हणावे. हकिकत तीन वेळा वदवून घेऊ नये. कपडे न धुता ठेवावे आणि शक्य तितक्या लवकर डॉक्टरकडे न्यावे. सज्ञान स्त्रीने तक्रार करावी की नाही हा निर्णय तिचा आहे, असे समजून वागावे. मूल अठरा वर्षांखालील असेल तर मात्र २०१२ च्या कायद्याने खबर दिलीच पाहिजे. आणि ‘प्रकरण मिटवा, त्याच्याशीच लग्न लावून द्या’ असे सुचविणाऱ्या वडीलधाऱ्यांस, ते कितीही आदरणीय असोत, तेथल्या तेथे थांबवावे.

‘तक्रार खोटी निघाली तर?’ असे कोणी विचारील. सत्यासत्याचा निवाडा न्यायालय करील. त्यासाठी पुरावा आहे, उलटतपासणी आहे. शेजाऱ्याकडे निवाड्याचे काम कोणी सोपविलेलेच नाही. वैद्य जखम बांधतो तेव्हा भांडणात चूक कोणाची हे ठरेपर्यंत थांबत नाही. आणि बांधल्याने कोणी दोषीही ठरत नाही. आधार देणे म्हणजे निकाल देणे नव्हे, हे ध्यानात आले म्हणजे पुष्कळ सज्जनांची अडचण दूर होईल.

आम्ही दया मागत नाही. दया देणाऱ्याच्या लहरीवर असते, आणि घेणारीस ती खाली पाहावयास लावते. गावाने जी अब्रू विनाकारण काढून घेतली, ती परत करणे हे ऋण फेडणे आहे. त्याचा आरंभ फार लहान असू शकतो. एस.टी.त त्या मायलेकींशेजारी एखाद्या बाईने जाऊन बसावे, आणि कोणी विचारलेच तर ‘माह्यासंगं येऊन राह्यल्या’ असे परस्पर सांगून टाकावे. तेवढ्याने विचारणाऱ्याचे समाधान होते, आणि गाडी यवतमाळास पोहोचते.