आखलेले दर्शन

क्योतोत दोन दिवस, नारात अर्धा, मियाजिमाला भरती-ओहोटीच्या वेळा पाहून एक सकाळ, आणि मध्ये जागा मिळेल तिथे फुशिमी इनारीच्या शेंदरी कमानी. जपानच्या सहलीचा बेत साधारण असाच आखला जातो. त्यातली निम्मी ठिकाणे पूजास्थाने असतात, पण बेत आखणाऱ्याच्या कागदावर ती किल्ल्यांच्या आणि बाजारपेठांच्या रांगेत, तासांच्या हिशेबाने बसलेली असतात. यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. ज्या देवळात शिरण्याची आणि निघण्याची वेळ आधीच ठरली आहे तिथे पाहणी होईल, दर्शन कसे होणार? आक्षेप वरवरचा नाही, कारण त्यामागे पावित्र्याविषयीची एक कल्पना आहे. पवित्र ते अवचित भेटते, आणि आखणी अवचिताला जागाच ठेवत नाही, अशी ती कल्पना. मला ती अपुरी वाटते. बेत आणि भक्ती यांचे वैर नाही. बेत कोणाच्या कलाने आखला आहे, यावर सगळे ठरते.

हा वाद जपानमध्ये एकदा थेट पैशाच्या रूपात उभा राहिला होता. क्योतो महापालिकेने 1985 मध्ये नावाजलेल्या देवळांना भेट देणाऱ्यांवर कर बसवला. प्रौढाला 50 येन, म्हणजे रक्कम किरकोळच. पण देवळांचे म्हणणे असे की आमच्याकडे येणारा माणूस बुद्धाच्या भेटीला येतो, तो देतो ते दान आहे, आणि त्याच्यावर कर लावणे म्हणजे धर्माच्या आड येणे. महापालिकेचे म्हणणे, तो प्रेक्षणीय स्थळ पाहायला येतो. कियोमिझु, किंकाकुजी, गिंकाकुजी अशा मोठ्या देवळांनी निषेध म्हणून दरवाजे लावून घेतले, हॉटेले आणि दुकाने हवालदिल झाली आणि 1988 मध्ये कर मागे घेतला गेला. प्रवेशासाठी छापील तिकीट देणाऱ्या संस्थांनी त्या पैशाला दान म्हणावे, यात थोडी गंमत आहेच. तरी देवळांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. येणाऱ्याच्या मनात काय आहे हे महापालिकेला कळत नाही, देवळालाही कळत नाही आणि पुष्कळदा खुद्द त्यालाही कळत नाही. मनातला हेतू ही कसोटी हाती लागत नसेल, तर कृतीकडे पाहावे लागते.

कृतीकडे पाहायचे तर क्योतोतल्याच साइहोजी या देवळाकडे पाहावे. ‘शेवाळाचे देऊळ’ म्हणून ते जगभर ठाऊक आहे. शेवाळाच्या शंभराहून अधिक जाती तिथे आहेत. गर्दीचा ताप बागेला आणि आसपासच्या वस्तीला होऊ लागला, तेव्हा 1977 पासून देवळाने वाटेल तेव्हा येणाऱ्यांना प्रवेश बंद केला. जायचे तर आधी जबाबी पोस्टकार्ड पाठवून तारीख मागायची, आणि देऊळ देईल ती घ्यायची. आता ही सोय इंटरनेटवरही आहे. आत गेल्यावर बाग लगेच पाहता येत नाही. बैठ्या मेजापाशी बसून आधी सूत्र लिहायचे किंवा गिरवायचे, मग बाग. आता सांगा, आखणी नसती तर इथे अधिक भक्ती घडली असती का? इथली आखणी पाहुण्याच्या सोयीसाठी नाहीच. देऊळ आपली वेळ, आपली शिस्त त्याच्यावर घालते आणि तो ती पत्करतो. श्रद्धा नसलेला माणूस सूत्र लिहितो हे ढोंग आहे, असे कोणी म्हणेल. पण साइहोजी ज्या झेन परंपरेतले आहे तिने विश्वासाची कबुली आधी आणि आचार नंतर असा क्रम कधी सक्तीचा मानला नाही. दोगेन या तेराव्या शतकातल्या आचार्यांनी तर साधना आणि सिद्धी वेगळी मानायलाच नकार दिला. ताठ बसून, एकेक अक्षर काढणारा हात श्रद्धेची वाट पाहत थांबत नाही.

आणि ज्या शेवाळासाठी एवढी धडपड, ते कोणीच आखलेले नव्हते. मुसो सोसेकी या झेन आचार्यांनी 1339 मध्ये ही बाग नव्याने रचली, तेव्हा शेवाळ त्यांच्या रचनेचा भाग नव्हता. पुढच्या शतकांत निगा राखायला बळ उरले नाही आणि ओलाव्यात शेवाळाने जमीन व्यापली. म्हणजे अवचित ते आहेच. फक्त ते पाहुण्याच्या लहरीतून आलेले नाही, शतकांच्या दुर्लक्षातून आलेले आहे. त्याच्यापर्यंत पोचायला आज तारीख घ्यावी लागते, एवढेच.

इथे बाशोंचे नाव पुढे केले जाईल. 1689 मध्ये राहती झोपडी सोडून उत्तरेकडे चालू लागलेला हा कवी मुक्त भटकंतीचा आदर्श मानला जातो. पण त्यांचा सोबती सोरा याने निघण्यापूर्वीच वाटेवरच्या देवस्थानांची आणि जुन्या कवितांत गाजलेल्या जागांची टिपणे काढली होती. त्याची रोजनिशी 1943 मध्ये प्रसिद्ध झाली आणि बाशोंच्या सुप्रसिद्ध प्रवासवर्णनातला क्रम प्रत्यक्ष प्रवासाशी जागोजागी जुळत नाही, हेही उघड झाले. मुक्तपणा लिहिताना घडवला गेला. पाऊल मात्र यादीवरून पडत होते. त्या यादीने बाशोंचे काही बिघडवले नाही, कारण ती त्यांच्या आवडीनिवडीची नव्हती, पूर्वसुरींनी नमस्कार केलेल्या जागांची होती. त्यांनी पाहिलेले किसाकाताचे बेटांनी भरलेले खाजण पुढे 1804 च्या भूकंपात जमीन वर उचलली जाऊन नाहीसे झाले. आज तिथे भाताच्या खाचरांत टेकड्या उभ्या आहेत.

खरा अवघड आक्षेप इसे या शिंतो देवस्थानाच्या यात्रेतून येतो. एदो काळात गावोगाव मंडळ्या असत. सगळे मिळून पैसे साठवायचे, चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचे नाव निघेल त्याने सर्वांच्या वतीने इसेला जायचे, आपल्या भिशीसारखे. पुरोहितांचे दलाल यजमानांची मुक्कामाची सोय लावत आणि पंचांग वाटत. ही झाली आखलेली यात्रा. पण अधूनमधून यात्रेची लाट यायची, आणि नोकर, बायका, पोरे मालकाला वा घरच्यांना न विचारता, खिशात काही नसताना इसेकडे निघून जायची. 1830 च्या लाटेत चाळीस लाखांहून अधिक लोक गेल्याचे सांगतात. मग खरी भक्ती या पळून गेलेल्यांचीच नाही का? त्यांच्या ओढीला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र ते उपाशी मेले नाहीत, कारण वाटेवरच्या गावांनी अन्न आणि निवारा दिला. हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पंढरीच्या वाटेवर वारकरी देहभान विसरू शकतो, कारण पालखीचे मुक्काम, दिंड्यांचे क्रमांक आणि रिंगणाच्या जागा कोणीतरी आधी ठरवलेल्या असतात. एकाच्या बेभानपणाला दुसऱ्याचा हिशेब पुरतो. बिनबेताची यात्रा शुद्ध म्हणणारा त्या दुसऱ्याला विसरतो.

उरतो बुद्धाचाच आक्षेप. पाहायच्या ठिकाणांची यादी म्हणजे तृष्णेची यादी, आणि प्रत्येक खूण म्हणजे एक मिळकत. हे बहुतेक सहलींबाबत खरे आहे, माझा त्यावर वाद नाही. पण काही स्थाने या तृष्णेची परीक्षा घेतात. नागानोच्या झेंकोजी देवळातली मुख्य मूर्ती कोणालाच दाखवली जात नाही, पुजाऱ्यांनाही नाही. परंपरेच्या गणनेने दर सातव्या वर्षी बाहेर येते ती तिची प्रतिकृती. तिच्या हाताला बांधलेली दोरी अंगणातल्या खांबापर्यंत येते आणि लोक त्या खांबाला हात लावतात. 2021 चा हा दर्शनाचा उत्सव कोरोनाच्या साथीमुळे 2022 वर गेला, आणि ज्यांनी आधीचे वर्ष धरले होते त्यांनी बेत बदलला. इसेतही कुंपणांपलीकडचे गर्भस्थान यात्रेकरूला दिसत नाही. वर्षभर आधी तयारी करून माणूस जातो आणि पडद्यासमोर नमस्कार करून परततो. ज्याला हे फसवणुकीसारखे वाटते त्याचा बेत तृष्णेचा होता, असे खुशाल म्हणावे.

पैशाचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटत नाही. साइहोजीचे शुल्क क्योतोतल्या इतर देवळांच्या कित्येक पट आहे, आणि आगाऊ तारीख घेण्याची सवड ज्याच्याकडे नाही तो बाहेरच राहतो. शिस्तीच्या नावाखाली निवड होते, हे मान्य केले पाहिजे. दरवाजा सताड उघडा ठेवला असता तर शेवाळ तुडवले गेले असते, हे उत्तर बागेपुरते पुरेसे आहे, धर्मापुरते नाही. इसेच्या मंडळ्यांनी त्याचे उत्तर चिठ्ठीत शोधले होते: जायचे एकाने, पण सगळ्यांच्या पैशाने आणि सगळ्यांसाठी. आजच्या सहलीच्या आराखड्यात दुसऱ्याच्या वतीने जाण्याला जागा नाही, आणि माझ्या मते त्यातली खरी उणीव ती आहे, वेळापत्रक नव्हे. दुसऱ्यांसाठी आखलेल्या बेताचे उदाहरण इसेतच आहे: तिथले देऊळ दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. मागचे 2013 मध्ये झाले, पुढचे 2033 मध्ये. त्यासाठी लागणारे मोठे हिनोकी वृक्ष पुन्हा देवस्थानाच्याच रानात मिळावेत म्हणून 1923 मध्ये दोनशे वर्षांची वन-योजना आखली गेली. ती आखणाऱ्यांपैकी कोणीही त्या लाकडाचे देऊळ पाहणार नव्हता.