ओट्याची ऊब

बसा.

खुर्चीवर, पलंगाच्या कडेला, भिंतीला टेकून. जिथं बरं वाटेल तिथं. पाय जमिनीला लागू द्या.

श्वास आत येतोय. येऊ द्या. बाहेर जातोय. जाऊ द्या.

आता डोळ्यांसमोर एक ओटा आणा. तुमच्या गावचा असेल तर तो आणा. मी माढ्याचा आणते.

उन्हाळ्याचे दिवस आहेत. दिवस नुकताच मावळलाय. माढेश्वरीच्या देवळाकडून घंटेचा एक ठोका येतो आणि विरून जातो. निंबाळकरांच्या जुन्या किल्ल्यावर उजेड अजून थोडा रेंगाळतोय.

ओट्यावर तळहात ठेवा.

दगड ऊन आहे. दिवसभर त्यानं ताप सोसलाय, आणि आता तो तुमच्या हाताला सावकाश परत देतोय.

हात उचलू नका. थोडं थांबा.

आता ओट्याची कड पाहा. मधे ती घासून गुळगुळीत झाली आहे. बोट फिरवलं तर कुठं अडत नाही. दोन्ही टोकांना मात्र पाथरवटाच्या टाकीचे घाव तसेच आहेत, खरखरीत, कालच पडल्यासारखे. टोकाला कोणी बसत नाही. माणसं मधे बसतात, एकमेकांना लागून.

या गुळगुळीत जागेवर धाकट्या जावेनं गहू निवडलेत. शेजारच्या काकूंनी लेकीच्या सोयरिकीची गोष्ट हळू आवाजात सांगितली आहे. कोणी तापातून उठून पहिल्यांदा बाहेर येऊन बसलंय.

बोट तिथंच ठेवा. श्वास आत. श्वास बाहेर.

हे घर आता सोडायचं आहे.

वाक्य एवढंच आहे. त्याला काही जोडू नका. मुलाची नोकरी, गुडघे, रात्रीअपरात्री दवाखाना, सगळं खरं आहे. ते सगळं ठाऊक आहे. आत्ता ते बाजूला राहू द्या.

सोडायचं म्हटल्यावर अंगात कुठं हलतं? गळ्याशी? बरगडीखाली? तिथं लक्ष न्या. ओट्यावर हात ठेवला होता, तसाच तिथं ठेवा.

थांबा.

माढा तालुक्यातच अरण आहे. तिथं सावता महाराजांची समाधी आहे. महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असं सांगतात. कांदा, मुळा, भाजी, पाण्याचं दारं, यातच त्यांचा विठ्ठल. आजही आषाढात त्यांच्या पुण्यतिथीला पंढरपुराहून पांडुरंगाची पालखी अरणला येते. देव चालत येतो, भक्त जागेवर राहतो.

ज्याला असं राहता आलं, त्याच्यापुढं मनातल्या मनात हात जोडा.

आणि ज्यांना राहता आलं नाही, त्यांच्यापुढंही.

याच तालुक्यात भीमा अडवली आहे. 1980 साली उजनी धरण पुरं झालं, आणि वरच्या अंगाला गावंच्या गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ त्यातलंच. एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं, की ते देऊळ वर येतं. माणसं बघायला जातात.

डोळे मिटून ते देऊळ बघा. ओल्या दगडावर वाळलेला गाळ. खांबाला हात लावणारी एक म्हातारी बाई. ती काही बोलत नाही. आपलं घर कुठल्या अंगाला होतं, तिकडं ती नुसती पाहते.

तिला कोणी विचारलं नव्हतं की कुठल्या गल्लीत राहाल, शेजार कसा हवा. माझ्या मनातून ती बाई जात नाही. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, तुमच्या हातात निवड आहे. ती घाईत करू नका. मुलांनी चार घरं बघून ठेवली असतील, तरी म्हणा, मला दोन संध्याकाळी द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

गाडीत बसा आता. माढा मागं पडतं. कुर्डुवाडी येतं, मग कुंकवाचं केम. पुढं भीमेवरचा पूल. खिडकीतून पाणी दिसतं, रुंद, करड्या रंगाचं. हेच ते अडवलेलं पाणी. गाडी पुलावरून जाते आणि आवाज बदलतो. तो बदललेला आवाज ऐका. पूल संपेपर्यंत ऐका.

मग पुणं.

हडपसर असेल, कात्रज असेल. एजंट किल्लीनं दार उघडतो. हॉल, किचन, बाल्कनी. तो भराभर बोलतो. बोलू द्या. नळ सोडून बघा, खिडकी उघडून बघा. लिफ्ट बंद पडली तर जिना चढवेल का, हे एकदा गुडघ्याला विचारा.

आणि खाली या.

घर बघून झालं. आता गल्ली बघायची आहे.

पाच वाजलेत. कुठंतरी टेका. पारावर, दुकानाच्या पायरीवर, कंपाउंडच्या बुटक्या भिंतीवर. मोबाइल पिशवीत ठेवा.

ऐका.

कुकरची शिट्टी. दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी मुलाला हाक मारतंय. भाजीवाल्याची हातगाडी थांबते, आणि बायका वरून खाली येतात. येतात का? बघा. की पिशवी दोरीनं खाली सोडतात?

घाई नाही. ऐकत राहा.

आता उठा आणि मेडिकलपर्यंत चालून या. पावलं मोजू नका. दम कुठं लागतो, एवढंच बघा. जिथं लागतो, तिथं टेकायला काही आहे का? फूटपाथची पायरी केवढी आहे? रस्ता ओलांडताना काळजात धस्स होतं का?

परत येऊन त्याच जागी बसा.

सहा वाजलेत. उजेड पिवळा झालाय. जवळच्या देवळात कोणी हरिपाठ धरलाय. टाळ थोडे मागेपुढे होतात. कान तिकडे जातो. जाऊ द्या.

मनात एक प्रश्न हळूच ठेवा. मी दोन दिवस दिसले नाही, तर इथं कोणाच्या लक्षात येईल?

उत्तर शोधू नका. येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे बघा. कोण थांबतं, कोण कोणाला नावानं हाक मारतं. दूधवाला आजींशी दोन शब्द बोलतो, की पिशवी कडीला अडकवून निघून जातो.

पहिल्या संध्याकाळी काहीच झालं नाही, तर दुसऱ्या संध्याकाळी या. दुसऱ्या गल्लीत बसा.

आणि माढा तुटत नाही. पासष्टीनंतर एसटीला निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरी झाली की पैसेच लागत नाहीत. नवरात्रात माढेश्वरीला जाता येईल. हे एकदा मनाशी म्हणा, आणि पुन्हा इथं या. या भिंतीपाशी.

श्वास आत. श्वास बाहेर.

एक बाई येते. हातात मेथीची जुडी आहे. ती तुमच्याकडं पाहते. तुम्ही नकळत थोडं सरकता.

ती बसते. जुडी सोडते. पानं खुडायला लागते.

"नवीन दिसताय. गाव कुठलं म्हणायचं?"

"माढा."

"अगंबाई! आमची नणंद मोडनिंबला दिलीय की."

ती जुडीतली निम्मी मेथी तुमच्या पुढ्यात सरकवते.

एक काडी उचला. पान खुडा. ओल्या मेथीचा वास येतोय.

दुसरा हात भिंतीवर टेकलेला आहे. तिकडं लक्ष न्या.

सिमेंट ऊन आहे.