बाईंचे ऋण

पाच सप्टेंबर हा डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस. १९६२ पासून आपण तो शिक्षकदिन म्हणून पाळतो. १९९७ साली याच दिवशी संत मदर तेरेसा देवाघरी गेल्या. १९४८ पर्यंत अनेक वर्षे मदर कोलकात्याच्या सेंट मेरीज शाळेत शिकवीत होत्या, हे आपण सहसा विसरतो. शाळा सोडून त्या झोपडपट्टीत गेल्या, तेव्हा त्यांच्या पाठोपाठ सेवेला आलेल्या पहिल्या तरुणी त्यांच्याच विद्यार्थिनी होत्या. वर्गात शिकवलेला भूगोल त्या मुलींच्या किती ध्यानात राहिला असेल, कोण जाणे. शिक्षिका मात्र त्यांच्या अंतःकरणात राहिली. अशा गुरूचे ऋण फेडायचे तरी कसे, आणि कोणाला?

शुक्रवार पेठेतील आमच्या बोळात एक बाई राहत. पद्मशाली घरातल्या, घरी तेलुगू, शाळेत मराठी. घरात हातमाग होता. संध्याकाळी त्याच्या खटखटाटातच त्या आमच्या वह्या तपाशीत. सहावीत असताना मी एका पुस्तकातला निबंध जसाच्या तसा उतरवून दिला. शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवले, वही हाती दिली आणि एवढेच म्हणाल्या, "अक्षर तुझे आहे. आता यात एक वाक्यही तुझे घाल." ना छडी, ना चारचौघांत बोभाटा. ते एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

पुढे मीही शिक्षक झालो. एका मुलाची अशीच उतरवलेली वही समोर आली. संतापाने मी त्याला वर्गासमोर उभे करणार, तोच बाईंचे शब्द आठवले आणि मी शाळा सुटण्याची वाट पाहिली. त्या रविवारी मिस्सानंतर मी बाईंकडे गेलो आणि सारे सांगितले. त्यांना तो प्रसंग मुळीच आठवत नव्हता. "असेल रे," त्या हसून म्हणाल्या, "चहा घेशील ना?"

मी थोडा हिरमुसलो. ज्या ऋणाची नोंद धनकोकडेच नाही, ते फेडायचे कसे? पण विचार करता वाटले, जो हिशेब ठेवतो तो उसने देतो. गुरू उसने देत नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले. त्यानंतर त्याने आपले पाय धुण्यास सांगितले नाही. एकमेकांचे धुण्यास सांगितले. गुरूचे ऋण मागे नव्हे, पुढे फेडायचे असते.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण पाहा. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. पण ज्या मुलांनी तो पाहिला, ती तो विसरतील असे वाटत नाही.

मग गुरूचे प्रत्यक्ष आभार मानण्याची गरजच नाही काय? आहे. दहा कुष्ठरोगी बरे झाले, परतला एकच. आणि प्रभूने उरलेल्या नऊ जणांची चौकशी केली. आभारांची गरज प्रभूला नव्हती, त्या नऊ जणांना होती. जो उगमाकडे वळून पाहत नाही, तो मिळालेले आपलेच समजू लागतो. मग तेच दुसऱ्याला देताना ते दान राहत नाही, उपकार होतो. बाईंकडे गेलो नसतो, तर त्या मुलाशी मी दाखवलेला संयम माझाच, असे मी आयुष्यभर मानीत राहिलो असतो.

आपल्या धर्मग्रामात धर्मशिक्षणाचे पहिले धडे देणाऱ्या वृद्ध बाई असतील, अंथरुणाला खिळलेले एखादे गुरुजी असतील. त्यांना एकदा भेटून यावे. त्यांना आपण आठवणारही नाही कदाचित. वाईट वाटू देऊ नये. त्यांनी दिलेला चहा घ्यावा, आणि परतताना वाटेत जे मूल भेटेल, त्याच्याशी त्यांच्यासारखे बोलावे.