पौल गुपचूप का निघाला नाही?

(शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १६:१९-४०)



फिलिप्पै येथील तुरुंगाची कथा आपल्या मुलांसही ठाऊक आहे. परंतु तिचा शेवट आपण बहुधा घाईने वाचतो. मध्यरात्री भूमिकंपाने दारे उघडली, तरी पौल व सीला पळाले नाहीत. सकाळी सुटकेचा निरोप आला, तरीही ते निघाले नाहीत. चौकशीवाचून उघडपणे केलेला अन्याय गुपचूप मिटवू देण्यास पौल तयार नव्हता. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावे, असा त्याने आग्रह धरिला.

ज्याने बंदिशाळेच्या नायकाचा जीव वाचविला व त्याच्या घरी अन्न घेतले, तो सूडबुद्धीने असे बोलला काय? नाही. आपल्या पाठीवरील वळांचा सूड त्याला नको होता. परंतु लुदिया व ती नवी मंडळी त्याच नगरात मागे राहावयाची होती. आज झाकलेला अन्याय उद्या त्यांच्या पाठीवर पडेल, हे तो जाणत असला पाहिजे.

आपल्या नागपुरात राहून गेलेल्या एका पाळकाने हाच धडा अमेरिकेत गिरविला. जेम्स लॉसन हे कृष्णवर्णीय मेथडिस्ट सेवक १९५३ साली हिस्लॉप कॉलेजात मिशनरी म्हणून आले. तेथे असताना त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला, आणि माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी डिसेंबर १९५५ मध्ये बसगाड्यांवर बहिष्कार घातल्याची बातमी तेथेच वाचली. ते १९५६ साली स्वदेशी परतले व पुढे नॅशव्हिल शहरी विद्यार्थ्यांस शिकवू लागले.

तेथील मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीयाने पैसे देऊन सामान घ्यावे, पण बसून जेवू नये, असा दंडक होता. असा दंडक म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांस निराळे सांगावे लागले नसते! लॉसन यांनी विद्यार्थ्यांस लगेच दुकानात धाडिले नाही. कित्येक महिने चर्चच्या तळघरात ते शिव्या व धक्के सोसण्याचा सराव करीत. उलट हात उगारावयाचा नाही, अपशब्द बोलावयाचा नाही, सभ्यपणे बसावयाचे, हा नियम ठरला.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी ते प्रथम जाऊन बसले. २७ तारखेस गुंडांनी त्यांस मारिले, आणि अटक झाली ती मार खाणाऱ्या ऐंशीहून अधिक जणांस! दंड भरून सुटावयाचे त्यांनी नाकारिले व तुरुंग पत्करिला. एप्रिलमध्ये त्यांच्या वकिलाचे घर सुरुंगाने उडविले, तेव्हा हजारो लोक निःशब्द चालत नगरपालिकेपाशी गेले. डायन नॅश या विद्यार्थिनीने महापौरास सरळ प्रश्न केला आणि हा भेद अन्यायाचा आहे, असे त्याने सर्वांदेखत कबूल केले. १० मे रोजी ती जेवणाची मेजे सर्वांस खुली झाली.

बंधूंनो, आज फोनवरील एका निरोपाने हजारो माणसे रस्त्यावर येतात. जमाव जमविणे सोपे झाले आहे. मन आवरणे सोपे झालेले नाही. एक दगड भिरकावला की लोक अन्याय विसरतात व दगडाचीच गोष्ट बोलतात. दुसरीकडे आपल्यांत असेही म्हणणारे आहेत की, ख्रिस्ती मनुष्याने सर्व मुकाट्याने सोसावे. पौलाने यांतील एकही वाट धरिली नाही. दार उघडे असता तो पळाला नाही. कायद्याने दिलेला हक्कही त्याने टाकिला नाही. रोमी नागरिकत्व सर्वांस नव्हते. आपले संविधान तर १९५० पासून या देशाच्या प्रत्येक नागरिकास समान मानीत आहे.

म्हणून उपदेशक बंधूंनो, गावी पाणवठ्यावरून, दफनभूमीवरून अथवा मजुरीवरून अन्याय झाला, तर प्रथम मंडळी जमवून प्रार्थना करा. काय झाले ते तारखेसह खरेखरे लिहून काढा. पदरचे काही घालू नका. कोणी बोलावे व कोणी तरुणांस आवरावे, हे आधीच ठरवा. मग अर्ज घेऊन उजेडी जा. शेजारी आपल्या मंडळीचा नसला, तरी त्याच्या अन्यायासाठीही तितक्याच तत्परतेने जा. नाही तर आपण न्याय नव्हे, केवळ आपली सोय मागितली असे होईल.

लॉसन २०२४ साली, पंचाण्णव वर्षांचे होऊन प्रभूकडे गेले. वैऱ्याचा द्वेष न करता त्याच्या अन्यायास नाही म्हणण्याचे जे धैर्य प्रभूने त्यांस दिले, ते आपणां प्रत्येकास देवो. आमेन.